स्टार्टरवरचं बोट

पाहुणे कारखान्याच्या दारात आले तेव्हा माझं बोट हिरव्या बटणावर होतं आणि ते काढण्याची सोय नव्हती.

दादा कपाटाच्या दारावर हॅमरटोनची गन फिरवत होता. हॅमरटोन हा मानी रंग आहे. एकदा दार धरलं की ते संपेपर्यंत त्याला सलग हवा लागते. मध्येच दाब कमी पडला तर गन थुंकायला लागते आणि नव्या कोऱ्या कपाटाला देवी येऊन गेल्यासारख्या खुणा राहतात. हवा देत होता कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसर चालत होता मोटरीवर, मोटर स्टार्टरवर आणि स्टार्टर माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर. बोट दाबून ठेवलं की मोटर चालू. बोट उचललं की बंद.

म्हणून मी स्टुलावरूनच म्हणालो, "जय जिनेंद्र. या, बसा."

दारात तिघं होती. पुढं शिरटीचे आदगोंडा चौगुले, म्हणजे मुलीचे वडील. त्यांना सगळे आण्णा म्हणत. त्यांच्या शेजारी त्यांचे धाकटे भाऊ तात्या, हातात छत्री आणि चेहऱ्यावर शंका घेऊन. आणि दोघांच्या मागं, जिनं यायची पद्धत नव्हती ती, त्रिशला. स्वतः मुलगी.

मुलगी बघून पसंत पडली की तिच्याकडच्या थोरांनी येऊन मुलाचं घरदार, धंदापाणी बघायचं, ही आमच्या जयसिंगपूरकडची रीत. मुलीनं स्वतः येऊन बघायचं असतं, हे कुणी ऐकलं नव्हतं.

"पोरीला आणलंय," आण्णा म्हणाले, बरोबर पिशवी आणलीय असं सांगावं तितक्या सहज. "नांदायचं तिला, आम्ही बघून काय करू?"

दादानं गन न थांबवता मानेनंच 'बसा' म्हटलं. तोही थांबू शकत नव्हता. कॉम्प्रेसरच्या धडधडीत तात्यांनी माझ्याकडं बघत विचारलं, "नवरदेव उठत न्हाईत?"

"उठलो की बंद पडतंय," मी ओरडून म्हणालो.

"काय बंद पडतंय?"

"सगळंच."

हे माझं तिसरं स्थळ. पहिली दोन याच बटणापायी गेली होती. हातकणंगल्याच्या पाहुण्यांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो? मी खरं सांगितलं, स्टार्टर धरतो. त्यांनी चहासुद्धा अर्धा ठेवला. दुसऱ्या वेळी दादानं मला गप्प बसवलं आणि स्वतः सांगितलं, "पॉवर विभाग बघतो." ते पाहुणे विभाग बघायला आले आणि विभाग स्टुलावर बसलेला बघून गेले. या खेपेला दादानं मध्यस्थाला सांगितलं होतं, "आमचा धना कारखान्याचा कंट्रोल बघतोय." यात खोटं काही नव्हतं. पण हेही स्थळ गेलं तर पुढं कोण विचारणार नव्हतं, आणि मला तर ही मुलगी आवडली होती. बघायच्या कार्यक्रमात 'मुलाला काही विचारायचं का' म्हटल्यावर तिनं सरळ विचारलं होतं, "रोज जेवायला घरी येता का डबा नेता?" आतापर्यंत माझ्या भविष्याबद्दल कुणी इतका कामाचा प्रश्न विचारला नव्हता.

मी बी.ए. झालो होतो, राज्यशास्त्र घेऊन. त्यानंतर बरेच दिवस राज्य कसं चालतं याचा घरी बसून विचार केला. घर दादा चालवत होता. शेवटी मुंबईला एका मित्राच्या खोलीवर जाऊन मिळेल ते करायचं ठरवलं, बॅग भरली, आणि नेमका त्याच आठवड्यात स्टार्टर बिघडला. दादा म्हणाला, "दुरुस्त होईस्तोवर जरा बटण धर. दोन दिवसांनी जा." बटण धरलं. त्याला आता दोन पावसाळे झाले होते.

स्टार्टर दुरुस्त करायचे प्रयत्न झाले नाहीत असं मुळीच नाही. बाबालाल मिस्त्री दर महिन्याला यायचा. टेस्ट लॅम्प लावायचा, स्टार्टरच्या डबीला कान लावायचा, वास घ्यायचा, डोळे मिटायचा. मग निदान व्हायचं. एकदा व्होल्टेज कमी होतं. एकदा अर्थिंग सुकलं होतं, म्हणून वहिनीनं खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं. एकदा स्प्रिंग दमली होती. "माणूस दमतंय, स्प्रिंग दमणार न्हाई?" असं मिस्त्री म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. प्रत्येक निदानानंतर दादा त्याच्यावर खेकसायचा, "काय शिकलायस तू, बाबालाल? लाज कशी वाटत नाही?" मिस्त्री मान खाली घालून ऐकून घ्यायचा, चहा प्यायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा.

तर त्या दिवशी आण्णा पुढं आले. थोर माणूस समोर येऊन उभा राहिल्यावर पाया पडणं भाग. उठता येत नव्हतं. मी डाव्या हाताचं बोट बटणावर घेतलं, उजवा हात मोकळा केला आणि स्टुलावरून वाकलो. अंतर थोडं कमी पडलं. आण्णांनी ते ओळखून एक पाऊल पुढं सरकवलं. त्या अवस्थेत, एक हात विजेवर आणि एक हात सासऱ्याच्या पायावर, मी नमस्कार केला. आण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोटरीचा थरथराट त्यांच्या कोपरापर्यंत गेलेला मी पाहिला.

"बरं हाय," ते म्हणाले. काय बरं आहे ते सांगितलं नाही.

दार संपलं. दादानं गन खाली केली, मी बोट उचललं. कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत तात्यांचा आवाज फार मोठा वाटला.

"म्हणजे बटण दाबायला तुम्ही बी.ए. माणूस ठेवलाय."

वहिनी शिऱ्याच्या बश्या घेऊन आली होती. तिनं पहिली बशी तात्यांच्या हातात दिली. पण तात्या शिऱ्यानं गप्प होणाऱ्यातले नव्हते.

"आमच्याकडं विहिरीवरचं बटण असं झालं तर काडी खुपसतोय आम्ही," ते म्हणाले. "अख्खं शिवार काडीवर चालतंय. ऊस काय कमी येतोय? लावा की एक काडी, आणि पोराला मोकळं करा."

"लावून बघितली," दादा म्हणाला. "काडीला डोळे नसतात, तात्या. हवेची टाकी भरली की काटा तांबड्यावर जातोय, तेव्हा बोट काढायला लागतंय. काडी काय काढती? टाकी फुटली म्हणजे कपाटं वर आणि आपण आत."

"मग जबाबदारीचं काम हाय म्हणा."

"फार," दादा म्हणाला.

आण्णा शिरा खात होते. त्रिशला मात्र बसली नव्हती. तिनं पदर खोचून कारखाना बघायला सुरुवात केली होती. कपाटाचं कुलूप उघडून बघितलं, कप्प्यावर हात दाबून पत्रा किती जाडीचा आहे ते बघितलं. आमच्या कारखान्याची इतकी तपासणी गिऱ्हाइकानंही कधी केली नव्हती. मग ती माझ्या शेजारी येऊन स्टार्टरपुढं उभी राहिली.

"मिस्त्री बघून गेला?" तिनं विचारलं.

"दर महिन्याला येतो."

"काय म्हणतो?"

"स्प्रिंग दमलीय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी काट्याकडं बघितलं.

"बोलवा की त्याला," तात्या म्हणाले. "आमच्यापुढं बघू दे. कळू दे तरी रोग काय हाय तो."

दादा म्हणाला, मिस्त्री गावात नाही. तेवढ्यात बाबालाल मिस्त्री स्वतःच दारात आला. पाहुणे येणार आणि शिरा होणार हे त्याला वहिनीकडून कळलेलं होतं. दादानं त्याच्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पायाला पाय लावून पळाला असता. मिस्त्रीला पळायची सवय नव्हती.

"बघ बाबा," दादा म्हणाला. "पाहुणे म्हणतायत."

मिस्त्रीनं बघितलं. त्या दिवशी त्यानं जे बघितलं तसं मी पुन्हा कुणाला बघताना पाहिलं नाही. टेस्ट लॅम्प काढला, पुसला. डबीच्या डाव्या अंगाला कान लावला, मग उजव्या अंगाला. बोटानं टकटक केलं, कलिंगड घेताना करतात तसं. मला म्हणाला, "दाबा." मी दाबलं. "सोडा." मी सोडलं. "आता हळू दाबा." मी हळू दाबलं. मग त्यानं माझं बोटच हातात घेऊन उलटसुलट करून तपासलं.

"बोट ठीक आहे," तो म्हणाला.

"झाकण काढ की," तात्या म्हणाले.

वहिनीच्या हातातली बशी कलंडली. दादानं गनचं नोजल खोलायला घेतलं, जे स्वच्छच होतं.

"झाकण काढायचं नसतंय," मिस्त्री म्हणाला.

"का?"

"हवा लागती आतल्या सामानाला."

"आरं, हवेच्या मशीनवर बसलंय ते. आणि कसली हवा लागती?" तात्यांनी बशी खाली ठेवली. "दर महिन्याला येतोय म्हणता, आणि झाकण काढलं न्हाई? आण्णा, चला. ज्या घरात झाकण काढत न्हाईत तिथं पोरगी कशी द्यायची?"

आण्णा उठले नाहीत. पण चमचा थांबला.

उठून तात्यांना हात जोडावेत असं वाटलं, आणि आता तर उठायला काही हरकत नव्हती, मोटर बंदच होती. पण सवयीनं पाय हलले नाहीत.

"पेचकस द्या," त्रिशला म्हणाली.

मिस्त्रीनं दादाकडं बघितलं. दादानं जमिनीकडं बघितलं. तिनं मिस्त्रीच्या पिशवीत हात घालून स्वतःच पेचकस काढला.

"आमच्यात मोटरीचं तीच बघती," आण्णा म्हणाले. "मला मुलगा न्हाई. विहिरीवर रोज तीच जाती." ते हे सगळ्यांना सांगितल्यासारखं म्हणाले, पण बघत होते दादाकडं.

तिनं आधी मेन स्विच खाली केला. मग झाकणाचे स्क्रू एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवले. इकडं तात्यांनी मिस्त्रीला धरलं होतं, स्प्रिंग कशी दमते ते समजावून सांग म्हणून, आणि मिस्त्री समजावून सांगत होता. त्यांच्या आवाजाच्या आडोशाला तिनं झाकण बाजूला केलं. आत फक्त तिला आणि मला दिसत होतं.

ती हळूच म्हणाली, "यात बिघडलेलं काहीच नाही."

मी तळहातावरचे स्क्रू मोजले.

"बोट काढल्यावर मोटर चालू धरून ठेवती ती ही तार. सुटलेली नाही. काढून ठेवलीय. टोकाला टेप गुंडाळलीय, दुमडून मागं खोचलीय. उंदीर असं करत नाही."

"नाही करत," मी म्हणालो.

तिनं वाकून बघितलं. काळ्या टेपवर रंगाचा हिरवट अंगठा उमटलेला होता, पार रेषांसकट. हॅमरटोनचा. तिनं मान वळवून दादाच्या हातांकडं बघितलं. रंग लागलेले दोन्ही अंगठे दादानं धोतराच्या सोग्यात लपवले. एवढ्या लांबून तिनं काय बघितलं ते त्याला कळणं शक्य नव्हतं. पण लपवले.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून. एकदा दादा बाजारात गेल्यावर उघडून बघितलं होतं."

"मग जोडली का नाही?"

"जोडली तर दादाला कळंल, की मला कळलंय."

तिच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता हिला सगळं नीट सांगायला हवं, आणि वेळ तर तात्यांच्या हातात होता. मी जमेल तसं सांगितलं. मुंबईच्या बॅगेचं. दादाला 'जाऊ नको' म्हणता येत नाही, आयुष्यात त्यानं तसलं वाक्य कुणाला म्हटलेलं नाही, त्याचं. आणि दर महिन्याला तो मिस्त्रीवर किती मन लावून खेकसतो, त्याचं. इतक्या कष्टानं केलेली गोष्ट मोडायची कशी?

"मिस्त्रीला ठाऊक आहे?"

"त्याला चहा मिळतो."

"वहिनींना?"

"टॉर्च त्यांनीच धरली असणार."

ती पेचकस हातात धरून उभी राहिली. तार तिच्या बोटापासून वीतभर होती. टेप सोडून स्क्रूखाली टोक दाबलं की संपलं. कॉम्प्रेसर आपला आपण चालला आणि थांबला असता, तात्यांना झाकणाचं समाधान मिळालं असतं, आणि घरात कंट्रोल बघणारा कुणी उरला नसता. दादाला तर तोंड लपवायला कपाटाशिवाय जागा राहिली नसती. अशा मुलाला मुलगी कशी द्यायची, हा प्रश्न तात्यांनी विचारण्याचीही गरज पडली नसती.

"काय गं?" तात्यांनी मिस्त्रीला सोडून इकडं मोर्चा वळवला. "काय दिसतंय?"

आण्णाही उठून आले होते. त्यांनी तिच्या खांद्यावरून एकदा आत डोकावलं. विहिरीवर ज्याची हयात गेली त्या माणसाला एकदा पुरतं. त्यांनी डोकं मागं घेतलं आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

त्रिशलानं वर आलेली टेप अंगठ्यानं पुन्हा घट्ट दाबली. तार होती तिथं मागं खोचली. झाकण बसवलं. माझ्या तळहातावरचे स्क्रू एकेक उचलून पिळले.

"कॉइल गेलीय," ती म्हणाली.

दादा खाली बसला. बसायला काही नव्हतं, रंगाच्या डब्यावर बसला.

"मी तेच म्हणत होतो," मिस्त्री म्हणाला.

"तू स्प्रिंग म्हणत होतास."

"कॉइल गेली की स्प्रिंग दमती."

तात्या विचारात पडले. हे त्यांचं नेहमीचं नव्हतं, पण त्यांना ते शोभत होतं. मग ते सावकाश म्हणाले, "पण कॉइल गेली असती, तर बटण दाबून तरी मोटर कशी चालली असती?"

तात्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी त्या कारखान्यात एवढं एकच वाक्य पूर्ण बरोबर बोललं गेलं. वहिनी दारातच थांबली. मिस्त्रीनं पिशवीत टेस्ट लॅम्प शोधायला सुरुवात केली, तो त्याच्या हातात होता. मी त्रिशलाकडं बघितलं. ती आपल्या वडिलांकडं बघत होती.

आण्णांनी चष्मा लावला.

"तात्या," ते म्हणाले, "तू शिरा खा."

"अहो पण आण्णा..."

"गार होतोय."

तात्यांनी बशी उचलली. आण्णा मिस्त्रीकडं वळले. "ही असली कॉइल आता मिळत नसंल."

"पुण्याला सांगून ठेवलंय," मिस्त्री म्हणाला. "पण ते पण मिळत न्हाई म्हणतायत."

"कशी मिळणार? जुनं मॉडेल." आण्णांनी माझ्या स्टुलाकडं बघितलं. लाकडी स्टूल होतं, एक पाय आखूड, खाली पत्र्याचा तुकडा घातलेला. ते दादाला म्हणाले, "भूपालराव, याच्यावर एखादी गादी टाका. जावयांना रोज बसायचं म्हटल्यावर नुसत्या फळकुटावर कसं भागंल?"

दादा उठला, वहिनीकडं पाठ केली, गन उचलली आणि म्हणाला, "धना, हवा दे."

मेन स्विच त्रिशलानं वर केला. मी बटण दाबलं. काटा चढला आणि दादा कपाटाच्या दुसऱ्या दाराला भिडला. दादाचा हात म्हणजे सरळ रेघ, पंचक्रोशीत नाव होतं. त्या दिवशी मात्र तो एकाच जागी गन धरून उभा राहिला. रंग साचला, जड झाला आणि दाराच्या मधोमध एक लांबलचक ओघळ खाली यायला लागला.

"भूपालराव," तात्या शिऱ्याचा घास गिळत ओरडले, "ओघळ आला की."

"येऊ दे," दादा म्हणाला.